पोळपाटावरचा रेडिओ

रिसोडच्या बाजारगल्लीत माझं दुकान होतं. पाटीवर 'जगदेव रेडिओ हॉस्पिटल' असं लिहिलेलं होतं. पाटी मीच रंगवली होती, त्यामुळे शेवटचा 'ल' पाटीवर मावला नाही आणि तो शेजारच्या भिंतीवर काढावा लागला. माझी बायको रुख्मिणी म्हणायची, "हास्पिटल नाव बराबर देलं तुमी. इथं भरती झालेला घरी वापस जातच नाई." पोस्टाने केलेल्या रेडिओच्या कोर्सचं सर्टिफिकेट मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर येईल असं टांगलं होतं. त्या काळी माझी अशी समजूत होती की रिसोड ते मालेगाव या पट्ट्यात रेडिओवर दोन शब्द बोलावेत असा माणूस एकच आहे. तो कोण, हे कुणी विचारलं नाही तर मीच सांगत असे.

हा सगळा फुगा भंवरीबाईंच्या घरी एका चैत्रात फुटला. म्हणून ही गोष्ट खरं म्हणजे त्यांची आहे, मी आपला मध्ये मध्ये येणार.

भंवरीबाई म्हणजे किराणावाले केशरीचंद शेठजी यांची बायको. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस आपल्यालाच हाक मारली समजून वळून बघे. जैन, आणि धर्माच्या फार कडक. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायच्या नाहीत. चुलीत गोवरी घालायच्या आधी ती उलटीपालटी करून झटकायच्या, आत एखादा किडा राहिला असेल तर त्याला बाहेर पडायला वेळ द्यायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण. अंगणात मुंग्यांची रांग लागली की सगळ्या घराने वळसा घालून जायचं. मुंगीवर एवढी दया करून उरलेली सगळी कडकाई त्यांनी माणसांसाठी ठेवली होती. शेठजी, मोलकरीण रुपाबाई, दूधवाला आणि मी, आम्हा चौघांना त्यांनी कधी सरळ शब्दात हाक मारल्याचं आठवत नाही. मला त्या 'हास्पिटल' म्हणत.

त्यांच्याकडे लाकडी खोक्याचा मोठा रेडिओ होता. समोर काचेची लांब डायल, तिच्यावर कोलंबो, तेहरान, मॉस्को अशी नावं, आणि खाली ओळीने चार बटणं. आतल्या काचेच्या नळ्या तापल्या की मागच्या बाजूने उजेड पडे, आणि त्या उजेडाला किडे येत, आणि किड्यांच्या मागे पाल. एका रात्री ती पाल आत शिरली, ठिणगी उडाली आणि रेडिओ जळाला. शेठजी रेडिओसाठी हळहळले. भंवरीबाईंनी पालीसाठी उपास धरला. मी आतला सगळा जळका सांगाडा काढून दुकानात आणला, दोन दिवस त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याने बघितलं आणि सांगितलं, "ह्याच्यात काही राम राहिला नाही." हे निदान मात्र अचूक निघालं. रिकामं खोकं त्यांच्या घरी फळीवरच राहिलं, आणि रेडिओ कुणाला फारसा आठवलाही नाही.

मग फाल्गुनात एक दिवस भंवरीबाई स्वतः दुकानात आल्या. शेठजींच्या घरची बाई बाजारगल्लीतल्या दुकानात येते म्हणजे काहीतरी अरिष्ट असणार, म्हणून मी उभाच राहिलो.

"हास्पिटल, महावीर जयंतीच्या आधी रेडिओ चालू पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आमची ललिता गानार हाये रेडिओवर."

ललिता त्यांची एकुलती एक मुलगी, जिंतूरला दिलेली. तिचा दीर बाजाराला आला होता, त्याने निरोप आणला होता की जिंतूरच्या बायकांच्या मंडळाला परभणीच्या आकाशवाणीने बोलावून स्तवन गाऊन घेतलं, आणि ते महावीर जयंतीला दुपारी लागणार. ललिताला मी लहानपणापासून ओळखत होतो. गळा गोड, पण घाई भारी. जैनांच्या स्थानकात, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, बायका स्तवनाला बसल्या की सगळ्यांनी तोंड उघडायच्या आधी हिची पहिली ओळ अर्धी झालेली असे. भंवरीबाई तिथेच तिला कोपराने ढोसत आणि रागावत, "काहून व, गाडी सुटून राह्यली काय तुई?" पण सुधारली नाही ती.

"लागते स्टेशन काकू, त्यात काय एवढं," मी म्हणालो.

त्या गेल्या नाहीत. माझ्या बाकावर बसल्या. भंवरीबाई माझ्या दुकानात बसल्या, ही घटना रुख्मिणी पुढे वर्षभर सांगत होती.

"लग्न झाल्यापासून पाठवली नाई पोरीले," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "दिवाळीले नाई, राखीले नाई. पत्र येते, पन ते सासरे लिवतात. सर्व कुशल, सर्व कुशल. दीराले इचारलं तं तो म्हनते, मजेत हाये. तो काय दुसरं सांगन? मले तिचा आवाज आयकू दे एकडाव. पोरगी कशी हाये ते आवाजावरून समजते मले."

असं काही ऐकलं की मी नेहमी जास्त बोलतो, तसा बोललो. म्हणालो, "काकू, असा रेडिओ करून देतो का परभणी काय, मॉस्को आयकान!"

"मले मॉस्को काय करायचं हाये? परभणी आयकव. अन् ह्यावेळी अशी वस्तू बसव का तिच्यात जीव जळला नाई पाह्यजे."

आता जुना सांगाडा जाऊन नवी 'प्लेट' बसवायची होती. प्लेट म्हणजे तळहाताएवढा तपकिरी पत्रा, त्याच्यावर ट्रान्झिस्टर आणि बाकीचा बारीकसारीक माल डाळिंबाच्या दाण्यांसारखा गच्च बसवलेला. ती सेलवर चालते, तापत नाही, तेव्हा पाल-किड्यांचा प्रश्न मिटला. राहिला प्रश्न कोणती प्लेट घ्यायची याचा. एक बँडची साधी प्लेट आसपासची स्टेशनं स्वच्छ पकडते, पण तिला बटणं दोनच. तीन बँडच्या प्लेटला चार बटणं, ती सगळं जग पकडते, पण थोडं थोडं. बाईंना पाहिजे होतं परभणी. कोणत्याही शहाण्या माणसाने साधी प्लेट आणली असती आणि घरी जाऊन जेवला असता.

पण खोक्याला चार भोकं होती ना! चार भोकांत दोनच बटणं बसवायची आणि दोन भोकं गिऱ्हाइकाकडे डोळे वटारून बघणार, हे माझ्या सर्टिफिकेटाला शोभलं नसतं. वर ती डायल, तिच्यावर तेहरान छापलेलं. काटा तेहरानवर नेला आणि परभणी वाजलं तर लोक हसतील. मी पंधरवडाभर विचार केला. रोज दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. लोक ऐकून चहा पिऊन जात. शेवटी मी तीन बँडची घ्यायचं ठरवलं आणि शेठजींच्या घरी जाऊन भोकांमधल्या अंतराचं माप घेतलं. पट्टी दुकानात विसरली होती, म्हणून रुपाबाईच्या केरसुणीतली एक काडी मोडून घेतली आणि ती बरोबर मापाची करून खिशात ठेवली.

अकोल्याची एस.टी. मालेगाव, मेडशी, पातूर करत जाते. रस्ता लांब आणि गाडीत करायला काही नाही. मेडशीला उतरून भजी खाल्ली. त्यातली मिरची दातात अडकली, आणि पुढे पातूरच्या घाटात मी खिशातली काडी काढून दात कोरत बसलो. मग ती चावत बसलो. अकोल्यात प्रेमसिंगच्या रेडिओ-सामानाच्या दुकानात जाऊन मी मोठ्या रुबाबात काडी प्लेटला लावली, एकामागून एक प्लेटा बाजूला सारल्या आणि काडीला तंतोतंत जुळणारी प्लेट निवडली. प्रेमसिंग म्हणाला, "भाई, नाप गीला क्यूं है?" मी म्हणालो, गरमी फार आहे.

परत आल्यावर प्लेट दुकानातल्या टेबलावर मांडली, सेल जोडले, स्पीकर जोडला आणि शेठजींना बोलावून घेतलं. काय ती प्लेट वाजली! कोलंबो लागलं, कुठल्यातरी देशाच्या बातम्या लागल्या. शेठजी टोपी काढून बघत होते. म्हणाले, "मिस्त्री, हे असं नागडंच वाजते?"

"तपासायले लावलं शेठजी. खोक्यात बसवू तवा शोभा."

"अन् परभणी?"

परभणी जिथे असायला पाहिजे तिथे कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता आणि त्याच्या तळाशी एक माणूस काहीतरी म्हणत होता. मी म्हणालो, वारा उलटा आहे. मग शेठजी गेल्यावर पट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो, भोकं मोजली, आणि प्लेटवरच्या बटणांच्या दांड्यांमधलं अंतर मोजलं. बोटभराचा फरक. दुकानात येऊन कपाळाला हात लावून बसलो. रुख्मिणी डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काडी कुठी हाये?" मी चघळलेला तुकडा दाखवला.

"मापच खाल्लं तुमी," ती म्हणाली. मग ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत राहिली. मला राग आला, पण कोणावर काढावा ते समजेना.

पुन्हा विचार सुरू झाला. तीन बँडचीच दुसरी शोधावी, की भोकं कोरून मोठी करावी, की साधीच घ्यावी? हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा लांबला, कारण आता माझी खोड मोडली होती आणि ती मोडलेली दिसू नये असं मला वाटत होतं. रोज सकाळी भंवरीबाईंचा निरोप घेऊन रुपाबाई दारात. "बाई इचारतात, हास्पिटलात पेशंट जित्ता हाये काय?" शेवटी जयंती दोन दिवसांवर आली तेव्हा अकोल्याला पळालो, ती प्लेट परत केली आणि एक बँडची साधी आणली. उरलेल्या दोन भोकांत शोभेची बटणं सरसाने चिकटवायची, असा तोडगा मी वाटेत काढला. तो मला एवढा आवडला की मी कंडक्टरलाही सांगितला.

जयंतीच्या दिवशी सकाळची मिरवणूक आटोपून शेठजी पांढऱ्या कपड्यात बैठकीत बसले होते. दुपारच्या कार्यक्रमाला अजून अवकाश होता. मी हत्यारं, प्लेट, सरसाची बाटली घेऊन ऐटीत आत गेलो, स्टुलावर चढलो आणि फळीवरच्या खोक्याला हात घातला.

आतून काहीतरी फडफडत माझ्या तोंडावर आलं. मी स्टुलावरून थेट शेठजींच्या गादीवर. शेठजी बाजूला सरकले म्हणून वाचले.

चिमणी होती. पुन्हा चढून हळूच आत पाहिलं. जिथे प्लेट बसायची बरोबर तिथे गवत, कापूस, रुपाबाईच्या केरसुणीच्या काड्या, सगळं नीट रचलेलं. त्यात पिलं. उघडी, लाल, चोची वासलेली. मी विचार करत होतो तेवढ्या दिवसांत त्या चिमणीने जागा पाहिली, पसंत केली, घर बांधलं, अंडी घातली आणि पोरं काढली. तिने काडी मापाला वापरली नव्हती, हाच फरक.

"काकू! खोक्यात चिमनी हाये!"

"मालूम हाये मले," भंवरीबाई आतून म्हणाल्या. "रोज ज्वारी टाकतो मी तिले."

"अवो मंग सांगतलं काहून नाई?"

त्या बाहेर आल्या. "तुले कायले सांगू? रेडिओ तं तुयाजवळ हाये."

त्यांच्या लेखी रेडिओ म्हणजे वाजणारी वस्तू, आणि ती हॉस्पिटलात होती. खोकं म्हणजे खोकं. मी त्यांना समजावलं की आजच्या आज घरटं दुसऱ्या टोपलीत ठेवतो, पिलांना काही होणार नाही. त्या म्हणाल्या, "मानसाचा हात लागला का माय पिलाले चारत नाई."

"मंग रेडिओ बसवू कुठी काकू? ही भोकं, हे माप, सारं ह्या खोक्याचं हाये."

त्या फळीकडे पाहत राहिल्या. चिमणी तोंडात काहीतरी घेऊन परत आली होती आणि आम्ही हलतो कधी याची वाट बघत खिडकीच्या गजावर बसली होती. भंवरीबाईंच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं, आणि मला स्वतःच्या चार बटणांची शरम वाटली. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"राहू दे मंग," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवशी कोनाचं घर नाई मोडायचं. पोरीचा आवाज आयकू पुढं कवातरी." आणि त्या आत निघून गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येईना.

मी प्लेट मांडीवर घेऊन खाली बसलो. शेठजी माझ्या मांडीवरच्या प्लेटकडे वाकले. मग म्हणाले, "मिस्त्री, एक इचारू? त्या रोजी दुकानात तं हे नागडंच वाजून राह्यलं होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, मास्तरांनी शाबासकीही दिली होती. माझ्या दुकानात रोज दहा रेडिओ उघडेच वाजत असत. एकालाही खोकं लागत नसे. आणि मी मात्र महिनाभर खोक्याला शोभेल अशी प्लेट शोधत एस.टी.ची हवा खात होतो.

"काकू!" मी ओरडलो. "एखादी फळी द्या! काही बी द्या!"

त्या धावत आल्या. काय झालं ते शेठजींनी सांगितलं. पुन्हा आत गेल्या आणि एक छोटासा पोळपाट घेऊन आल्या. कडेला टवका उडालेला, मध्ये झिजलेला. "ललिताचा हाये. पयली पोळी ह्याच्यावरच लाटली तिनं," म्हणाल्या आणि माझ्या हातात दिला. मी त्याच्यावर प्लेट बसवली. स्पीकर तुरीच्या डाळीच्या रिकाम्या डब्याच्या तोंडाशी बांधला, आवाज घुमायला. सेल जोडले, आणि बटण फिरवलं.

परभणी लागलं. लागलं, पण खरखर होतीच. मी घाईघाईत पोळपाट थोडा फिरवला आणि आवाज एकदम मोकळा झाला. ही प्लेट तोंड स्टेशनाकडे असेल तरच नीट ऐकते. फळीवरच्या खोक्यात ती कायमची भिंतीकडे तोंड करून बसली असती. पोळी लाटताना फिरवावा तसा मी पोळपाट फिरवत फिरवत बरोबर जागेवर आणला. हे मी हुशारीने केलं असं नंतर सगळ्यांना सांगितलं.

शेठजी चष्मा लावून जवळ आले. "घ्या! आमी श्वेतांबर, अन् आमचा रेडिओ झाला दिगंबर."

"काही बोलता तुमी," म्हणत भंवरीबाईंनी पाणी गाळायचं धुतलेलं पांढरं फडकं आणलं आणि प्लेटवर अलगद टाकलं, माशी बसू नये म्हणून. शेठजी म्हणाले, "झाला. आता घरातला झाला."

परभणीहून आवाज आला तो असा: कपाशीवरच्या किडीसाठी कोणतं औषध किती पाण्यात कालवून फवारावं. भंवरीबाईंनी कानावर हात ठेवले. "बंद कर मेल्याले! आजच्या दिवशी जीव मारायच्या गोष्टी सांगून राह्यला!"

"काकू, बटन हाललं तं सापडनार नाई पुन्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, हात जोडून, किडीचा तो सगळा संहार शेवटपर्यंत ऐकून घेतला. त्या बाईने त्या दिवशी ललितासाठी काय सोसलं ते बाकी कुणाला समजणार नाही.

मग कार्यक्रम लागला. निवेदिकेने जिंतूरच्या मंडळाचं नाव घेतलं, पण बायकांची नावं काही सांगितली नाहीत. पाच-सहा जणी एकदम गाणार, त्यात ललिता कोणती हे कसं कळायचं? भंवरीबाई पोळपाटावर वाकल्या होत्या. पेटीचा सूर झाला, झांज वाजली.

आणि सगळ्यांच्या आधी एकच आवाज सुरू झाला. एकटाच, मोकळा, पहिले दोन शब्द म्हणून झाल्यावर बाकीच्या बायका धावत येऊन त्याला मिळाल्या.

भंवरीबाई सरळ झाल्या. डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. वर खोक्यात पिलं ओरडत होती, त्यांना कुणी गप्प केलं नाही.

"आयकलं काय हो?" त्या शेठजींना म्हणाल्या. "सुटली गाडी! अजून नाई गेली घाई." आणि मग पदर डोळ्याला लावून, हळू, "मजेत हाये पोरगी. दबली असती तं दुसऱ्यासाठी थांबली असती."